योग : आसनाच्या अलीकडचा आणि पलीकडचा

दरवर्षी २१ जूनची सकाळ उजाडली, की जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांतील शाळा नेहमीपेक्षा लवकर जाग्या होतात. आभाळाचा रंग पाहून कुठे पटांगणात, कुठे व्हरांड्यात, तर कुठे सभागृहात सतरंज्या अंथरल्या जातात. शिट्टी वाजते, मुले रांगा धरतात, ताडासन, वृक्षासन, भुजंगासन असा क्रम यथासांग पार पडतो. शेवटी शवासनात पडलेल्या मुलांपैकी एखाद्याला खरोखरच डुलकी लागते आणि सारी रांग हसू दाबते. छायाचित्र निघते, अहवाल वरच्या कार्यालयाकडे रवाना होतो आणि पहिल्या तासाची घंटा होते. मग पुढचा जून येईपर्यंत योग हा शब्द शाळेत क्वचितच कानी पडतो.

या उपक्रमाला नावे ठेवण्याचे कारण नाही. संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने ११ डिसेंबर २०१४ रोजी १७७ देशांच्या सहपुरस्काराने आंतरराष्ट्रीय योगदिनाचा ठराव संमत केला आणि २०१५ पासून हा दिवस जगभर पाळला जाऊ लागला. एका प्राचीन भारतीय विद्येला असा मान मिळावा, ही समाधानाची गोष्ट होय. शिवाय शरीराच्या अंगाने योगाकडे पाहण्याची आधुनिक परंपरा ज्या भूमीत रुजली, तिच्यात पुणे जिल्ह्याचा वाटा मोठा आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केले, ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले आणि आसन-प्राणायामांचा शरीरावर होणारा परिणाम प्रयोगशाळेत तपासण्यास प्रारंभ केला. बी. के. एस. अय्यंगार १९३७ मध्ये पुण्यास आले आणि तेथून त्यांनी आसनांची शिस्त साऱ्या जगाला शिकविली. परंतु कुवलयानंदांनी आपल्या संस्थेला नाव दिले ते आरोग्याचे नव्हे, कैवल्याचे. आणि अय्यंगारांनीही उत्तरायुष्यात पतंजलीच्या सूत्रांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. ज्यांनी शरीराचा मार्ग सोपा करून दिला, त्यांनी त्या मार्गाचे गंतव्य कधी दृष्टिआड होऊ दिले नव्हते. त्यांच्यामागून चालणाऱ्यांना मात्र मार्गातील एक मुक्कामच गंतव्य वाटू लागला आहे.

तिसऱ्या पायरीवरून आरंभ

पतंजलीच्या योगदर्शनात अवघी १९५ सूत्रे आहेत; काही प्रतींत ती १९६ मोजतात. त्यांपैकी आसनाविषयी बोलणारी सूत्रे तीन. त्या तिन्हींत एकाही आसनाचे नाव नाही. बैठक स्थिर असावी, सुखावह असावी, प्रयत्नाचा ताण ओसरावा आणि थंडी-ऊन, सुख-दुःख यांच्या द्वंद्वाने साधकाला ढळवू नये, एवढेच तेथे सांगितले आहे. आज ज्यांची चित्रे भिंतीवर टांगली जातात, ती बहुतेक आसने पुढच्या काळातील हठयोगाच्या ग्रंथांतून आली. काही तर अगदी अलीकडची आहेत. आणि हठयोगाचा प्रमाणग्रंथ मानली जाणारी ‘हठप्रदीपिका’देखील हठयोगाला राजयोगाकडे नेणारा जिनाच म्हणते.

संख्येपेक्षाही क्रम अधिक बोलका आहे. यम, नियम, आसन, प्राणायाम, प्रत्याहार, धारणा, ध्यान आणि समाधी ही योगाची आठ अंगे. आसनाचे स्थान तिसरे. त्याच्या अलीकडे यम आहेत : अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य आणि अपरिग्रह. मग नियम आहेत : शौच, संतोष, तप, स्वाध्याय आणि ईश्वरप्रणिधान. म्हणजे माणसाने इतरांशी कसे वागावे हे प्रथम, स्वतःशी कसे वागावे हे नंतर, आणि पाठीचा कणा कसा ठेवावा हे त्यानंतर. पहिल्या दोन पायऱ्या गाळून तिसरीवर उडी घेण्याचा प्रघात मात्र आता इतका रूढ झाला आहे, की त्या दोन पायऱ्या होत्या याचाच विसर पडला आहे.

असे का झाले, हे समजणे अवघड नाही. आसन दिसते, मोजता येते, त्याचे छायाचित्र निघते, त्याची स्पर्धा भरविता येते. अपरिग्रहाची स्पर्धा भरविता येत नाही आणि सत्याला प्रमाणपत्र देता येत नाही. जे दाखविता येते तेच शिकवायचे, हा शिक्षणाला जडलेला जुना रोग योगालाही जडला. त्यावरचा उतारा शोधण्यासाठी फार दूर जाण्याचीही आवश्यकता नाही. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांत, गावांत आणि वाटांवर या विसरलेल्या पायऱ्यांच्या खुणा अजून शाबूत आहेत.

लेण्यांतील दगडी ओटे

जुन्नरच्या परिसरात दोनशेहून अधिक कोरीव लेणी आहेत. शिवनेरी, मानमोडी, तुळजा आणि लेण्याद्री या डोंगरांच्या कड्यांत ती विखुरली आहेत. इसवी सनापूर्वीच्या शतकांत त्यांच्या खोदकामास आरंभ झाला आणि इसवी सनाच्या तिसऱ्या शतकापर्यंत ते चालू राहिले. अष्टविनायकांपैकी एक म्हणून भाविक ज्या लेण्याद्रीच्या पायऱ्या चढतात, तेथील गणेशाचे स्थानही मुळात बौद्ध भिक्षूंच्या विहारातच आहे. त्या विहाराच्या मंडपाभोवती वीस खोल्या आहेत. परिसरातील अशा अनेक खोल्यांत भिंतीलगत दगडाचाच ओटा सोडलेला दिसतो. एक माणूस बसेल आणि पाठ टेकेल, एवढीच त्याची ऐसपैस. दोन हजार वर्षांपूर्वी कोणी भिक्षू त्या ओट्यावर बसून श्वासाची ये-जा न्याहाळीत असेल. त्याच्या बैठकीला कोणते नाव होते, हे कोणी लिहून ठेवले नाही; तो काय साधू पाहत होता, हे मात्र ग्रंथांतून कळते.

मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा या चार भावना बौद्ध साधनेत ब्रह्मविहार म्हणून प्रसिद्ध आहेत. नेमक्या याच चार भावना, याच नावांनी आणि याच क्रमाने पतंजलीच्या योगदर्शनातही आढळतात. सुखी माणसाविषयी मैत्री, दुःखिताविषयी करुणा, सज्जनाविषयी आनंद आणि दुर्जनाविषयी तटस्थता यांचा अभ्यास केला म्हणजे चित्त निवळते, असे सूत्रकार सांगतात. दुःख, दुःखाचे कारण, दुःखाचा निरास आणि निरासाचा उपाय ही चौकटही दोन्ही दर्शनांना समान आहे. सूत्रांवरील व्यासभाष्याने तर तिची तुलना वैद्यकाशी केली आहे : रोग, रोगाचे कारण, आरोग्य आणि औषध. दोन्ही दर्शनांत तात्त्विक मतभेद थोडे नाहीत. आत्म्याच्या प्रश्नावर ती एकमेकांच्या समोर उभी राहतात. तथापि मन कसे स्वच्छ करावे या प्रश्नावर त्यांनी एकच हत्यार हाती घेतले, ही गोष्ट योगाला एखाद्या पंथाच्या कुंपणात कोंडू पाहणाऱ्यांनी आणि त्याच कुंपणाच्या भयाने योगापासून दूर राहणाऱ्यांनी, दोघांनीही ध्यानात घेण्याजोगी आहे.

या लेण्यांविषयी आणखी एक गोष्ट विचारात घ्यावी लागते. ध्यानासाठी भिक्षूंनी निवडलेली ही जागा निर्मनुष्य अरण्यात नव्हती. कोकणातील बंदरांकडून नाणेघाट चढून येणारा आणि पुढे पैठणकडे जाणारा व्यापारी मार्ग जुन्नरवरून जात होता. लेण्यांतील शिलालेख त्या वर्दळीचीच साक्ष देतात. धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दान दिले. बांबूचे काम करणारे आणि कासार यांच्या श्रेणींकडे धर्मकार्यासाठी ठेवी ठेवल्या गेल्या. कल्याणच्या रहिवाशाने चैत्यगृह दिले. इरिल, चिट आणि चंद या यवनांनी टाकी, भोजनमंडप आणि लेण्याचे मुख कोरविले. ध्यान करणारा आणि तराजू धरणारा हे एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर राहत होते. एकाचे चित्त दुसऱ्याच्या दानावर स्थिर होत होते आणि दुसऱ्याच्या व्यवहाराला पहिल्याच्या शीलाचा धाक होता. योगाचे तत्त्वज्ञान संसार सोडलेल्यांसाठी असते, हा समज जुन्नरच्या दगडांना तरी मान्य नाही.

वाघ आणि भिंत

जुन्नर तालुक्याच्या वायव्य टोकाशी खिरेश्वर हे गाव आहे. तेथून टोलार खिंडीची वाट हरिश्चंद्रगडावर चढते. गड अकोले तालुक्यात, म्हणजे शेजारच्या जिल्ह्यात मोडतो. परंतु जुन्नरच्या बाजूने तेथे जाणाऱ्यांचा ओघ जुनाच आहे. या गडावर योगी चांगदेवांनी तप केले आणि ‘तत्त्वसार’ हा ग्रंथ रचला, अशी परंपरा आहे.

चांगदेवांची कथा महाराष्ट्रात लहान मुलांनाही ठाऊक असते, आणि कदाचित म्हणूनच तिच्यातील अर्थाकडे दुर्लक्ष होते. योगबळाने त्यांनी काळाला परतवून लावीत चौदाशे वर्षे आयुष्य मिळविले, असे सांगतात. ज्ञानदेवांची कीर्ती कानी आल्यावर त्यांना पत्र लिहावयाचे ठरले. वयाने मोठे असल्याने आशीर्वाद लिहावा, तर ज्ञानाने ते श्रेष्ठ. नमस्कार लिहावा, तर ते पोरसवदा. या विवंचनेत पत्र कोरेच गेले. एवढी वर्षे तप करून हा योगी कोराच राहिला, असा मुक्ताबाईचा शेरा कथेत येतो. ज्ञानदेवांनी त्या कोऱ्या पत्राला पासष्ट ओव्यांचे उत्तर लिहिले, तेच ‘चांगदेव पासष्टी’ होय. पुढे चांगदेव वाघावर बसून, हाती सापाचा चाबूक घेऊन भेटीस निघाले आणि ही भावंडे बसल्या भिंतीसह त्यांना सामोरी गेली. अखेर चांगदेवांनी त्या लहानग्या मुक्ताबाईला गुरू मानले.

कथेतील चमत्कारावर विश्वास ठेवावा की न ठेवावा, हा ज्याचा त्याचा प्रश्न. तिने केलेला निवाडा मात्र योगशास्त्राशी तंतोतंत जुळणारा आहे. योगदर्शनाचा तिसरा पाद विभूतींचा, म्हणजे सिद्धींचा आहे. आणि त्याच पादात या सिद्धी समाधीच्या आड येतात, असा स्पष्ट इशारा आहे. चांगदेवांकडे शरीरावरील स्वामित्व होते, दीर्घायुष्य होते, हिंस्र पशूवरील हुकमत होती. नव्हते ते एकच : पत्राच्या मायन्यावर अडखळणारा ‘मी’ त्यांना ओलांडता आला नव्हता. पतंजलीने क्लेशांच्या यादीत अविद्येनंतर लगेच जी अस्मिता सांगितली, ती हीच. आज कोणी वाघावर बसून येत नाही. परंतु डोक्यावर उभे राहण्याची वेळ मोजणारा, सूर्यनमस्कारांचा उच्चांक मिरविणारा आणि योगाच्या नावाने शिष्यांचा बाजार मांडणारा हे तिघेही त्याच वाघावर स्वार झालेले असतात.

ज्ञानदेवांना योगाचे शरीरशास्त्र ठाऊक नव्हते, असेही नाही. आदिनाथ, मत्स्येंद्रनाथ, गोरक्षनाथ, गहिनीनाथ, निवृत्तिनाथ या नाथपंथी परंपरेचे ते वारसदार. १२९० मध्ये सिद्ध झालेल्या ‘ज्ञानेश्वरी’च्या सहाव्या अध्यायात कुंडलिनीच्या जागृतीचे जे वर्णन आहे, तसे सविस्तर वर्णन मूळ गीतेत नाही, ते त्यांनी स्वतःहून घातले आणि त्या मार्गाला ‘पंथराज’ म्हणून गौरविले. मात्र याच ग्रंथाच्या तेराव्या अध्यायात अहिंसा या एका शब्दावर त्यांची वाणी जितकी रेंगाळली आहे, तितकी फार थोड्या शब्दांवर रेंगाळली असेल. चालताना पाऊल कसे पडावे, बोलताना शब्द कसा उमटावा, दृष्टी कशी टाकावी, हाताने काय करावे आणि काय करू नये, इथवर ते अहिंसेचा माग काढतात. कुंडलिनी जागविणाऱ्या योग्याला पाऊल हलके टाकण्याची गोष्ट दुय्यम वाटली नव्हती.

आळे आणि ओतूर

पुणे-नाशिक आणि कल्याण-अहिल्यानगर हे रस्ते जेथे एकमेकांना छेदतात, त्या आळेफाट्यापासून जवळच आळे हे गाव आहे. पैठणच्या ब्रह्मसभेत ज्ञानदेवांनी ज्याच्या मुखातून वेद वदविले, त्या रेड्याची समाधी या गावी आहे. पैठणहून आळंदीकडे परतताना त्याने येथे देह ठेवला, अशी श्रद्धा आहे. माणसांची आणि देवांची मंदिरे गावोगाव असतात. ओझी वाहणाऱ्या जनावराची समाधी बांधून तिची यात्रा भरविणारे गाव विरळा. रेड्याच्या पाठीवर आसूड ओढला गेला आणि वळ ज्ञानदेवांच्या अंगावर उमटले, असाही या कथेचा एक भाग आहे. सर्वांभूती एकच तत्त्व आहे, हे वाक्य परीक्षेत लिहिणे सोपे आहे. दुसऱ्याच्या पाठीवरचा वळ आपल्या पाठीवर जाणवणे, ही त्या वाक्याची खरी परीक्षा होय.

आळ्यापासून काही कोसांवर, मांडवी नदीच्या काठी ओतूर आहे. कपर्दिकेश्वराच्या देवळात श्रावणी सोमवारी गर्दी लोटते. तेथेच बाबाजी चैतन्यांची समाधी आहे. राघव चैतन्य, केशव चैतन्य आणि बाबाजी चैतन्य ही तुकोबांची गुरुपरंपरा. बाबाजींनी स्वप्नात येऊन मंत्र दिला, अशी साक्ष खुद्द तुकोबांच्या अभंगात आहे. तुकोबांच्या शिष्या बहिणाबाईंनी ही परंपरा मागे नेत ज्ञानदेवांपर्यंत आणि त्यांच्याही मागे नाथांपर्यंत जोडून दिली आहे. म्हणजे श्वास, नाडी आणि चक्रांच्या भाषेत बोलणारा नाथांचा योग आणि टाळ, वीणा व नाम यांच्या भाषेत बोलणारी देहूची भक्ती या दोहोंना सांधणारा एक दुवा ओतूरला निजला आहे.

हा दुवा केवळ वंशावळीचा नाही. पतंजलीने चित्त एकाग्र करण्याचा एक स्वतंत्र उपाय म्हणून ईश्वरप्रणिधान सांगितले आहे आणि प्रणवाच्या जपाचे व त्याच्या अर्थाच्या चिंतनाचे विधान केले आहे. वारकरी संतांनी हाच उपाय उचलला आणि तो शेतात नांगर धरणाऱ्या, दुकानात माप धरणाऱ्या व जात्यावर दळण दळणाऱ्या माणसांच्या आवाक्यात आणला. ज्यांना गुहेत जाऊन बसण्याची सवड नव्हती, त्यांना चालता चालता चित्त एकाग्र करण्याची युक्ती सापडली. म्हणून योग हा महाराष्ट्राला २०१५ नंतर झालेला साक्षात्कार मानण्याचे कारण नाही. ज्या घरात हरिपाठ म्हटला जातो, त्या घराने योगाचे एक अंग पिढ्यान् पिढ्या जपले आहे. फक्त त्याला योग म्हणण्याची त्याला गरज वाटली नाही.

देवराई, धरण आणि बिबट्या

आता थोडे दक्षिणेला, आंबेगाव तालुक्यात यावे लागेल. भीमाशंकराच्या डोंगररांगेत आहुप्यासारख्या गावांच्या आसपास देवराया आहेत. देवाच्या नावाने राखलेल्या या रानात कुऱ्हाड चालवायची नाही, असा दंडक येथील महादेव कोळी समाजाने पाळला. हिरडा गोळा करून संसार चालविणाऱ्या माणसांना लाकडाचे मोल कळत नव्हते असे नाही. तरीही हाताशी असलेली वस्तू घ्यायची नाही, हे व्रत साऱ्या गावाने मिळून चालविले. अपरिग्रह आणि अस्तेय हे शब्द त्यांनी कदाचित ऐकलेही नसतील. परंतु योगदर्शनाचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याला या दोन यमांचे जिवंत उदाहरण पाहावयाचे असेल, तर त्याने देवराईच्या सावलीत तासभर बसावे.

याच डोंगरांच्या पायथ्याशी घोड नदीवर डिंभे धरण आहे. कुकडी प्रकल्पातील येडगाव, माणिकडोह, वडज आणि पिंपळगाव जोगे यांच्यासह हे पाचवे. तालुक्याला ज्याचे नाव मिळाले ते मूळचे आंबेगाव या धरणाच्या पाण्याखाली गेले, आणि तालुक्याचे ठाणे आज घोडेगावला आहे. या पाण्यावर खालच्या पट्ट्यात ऊस, भाजीपाला आणि फळबागा पिकल्या. पार पारनेर, श्रीगोंदे, कर्जतपर्यंतची कोरडी रानेही भिजली. वरच्या आदिवासी पाड्यांच्या वाट्याला मात्र बुडालेली भातखाचरे आली.

योगाच्या तत्त्वज्ञानाविषयी बोलताना येथे एका धोक्याची जाणीव ठेवणे अगत्याचे आहे. अपरिग्रह म्हणजे स्वतः होऊन सोडणे. ज्याचे हिरावून घेतले गेले, त्याला अपरिग्रहाचे धडे देणे ही तत्त्वज्ञानाची विटंबना होय. तीच गोष्ट संतोषाची. संतोष हा नियम आहे, म्हणजे तो ज्याने त्याने स्वतःला लावून घ्यावयाचा आहे. दुसऱ्याच्या न्याय्य मागणीवर घालावयाचे ते झाकण नव्हे. ज्यांना पाणी मिळाले, त्यांनी ते जपून वापरावे आणि ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांची आठवण ठेवावी, हा त्यांचा अपरिग्रह. ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांनी आपला हक्क निर्भयपणे मागावा, हे त्यांचे सत्य. यम सर्वांना सारखेच बंधनकारक आहेत आणि जात, देश, काळ वा प्रसंग यांनी त्यांत सूट मिळत नाही, असे पतंजली म्हणतो. ती सूट सर्वांत आधी बलवंतांना नाकारलेली आहे, हे विसरता कामा नये.

अहिंसेचीही या तालुक्यांत रोज परीक्षा होते. धरणांच्या पाण्यावर उसाचे फड वाढले आणि उसात बिबट्यांनी घर केले. अंगणातून लेकरू उचलले गेल्याच्या वार्ता येथील माणसांनी वाचलेल्या नाहीत, सोसलेल्या आहेत. अशा घरापुढे उभे राहून अहिंसेवर प्रवचन करणे सहृदयतेला सोडून होईल. परंतु हातात काठ्या घेऊन रानात घुसणे हेही उत्तर नाही, हा अनुभवच आहे. २००१ नंतरच्या दोन-तीन वर्षांत जुन्नर वनविभागात हल्ले एकाएकी वाढले, तेव्हा पकडलेले बिबटे दूरच्या रानांत नेऊन सोडले जात. पुढे अभ्यासकांनी दाखवून दिले, की परक्या मुलखात सोडलेल्या बिबट्यांमुळे संघर्ष शमण्याऐवजी वाढतो. दुःख डोळ्यांपुढे होते. दुःखाचे कारण नीट पाहिले गेले नव्हते. व्यासभाष्यातील वैद्याची उपमा येथे आठवते. कारण ओळखल्यावाचून केलेला उपाय रोगाला बळ देतो. भीती आणि संताप यांच्या पलीकडे जाऊन कारण पाहण्याची शक्ती म्हणजेच अविचलित चित्त, आणि योगाचा सारा खटाटोप त्यासाठीच आहे. उसाच्या कडेला राहणाऱ्या मजुराच्या झोपडीला दार आणि उजेड मिळवून देणे, पोर एकटे अंधारात न सोडणे, गुरांचा गोठा बंदिस्त करणे, ही कामे वरवर योगाच्या वर्गात बसत नाहीत. अहिंसेच्या व्याख्येत मात्र ती नेमकी बसतात, कारण त्यांनी माणूसही वाचतो आणि जनावरही.

शाळेत आणि कचेरीत

कोणी म्हणेल, शिक्षकाला अभ्यासक्रम पुरा करावयाचा असतो, कारकुनाला नस्त्यांचा ढीग उपसावयाचा असतो आणि विद्यार्थ्याला परीक्षा द्यावयाची असते. पाठदुखी थांबली आणि झोप लागली, तरी योगाने पुष्कळ दिले. त्यांना क्लेश आणि कैवल्य यांत कशाला गुंतवावे? आक्षेप व्यवहार्य वाटतो. पण या तिघांची पाठदुखी बरी झाली तरी जी दुखणी उरतात, त्यांची यादी पतंजलीने आधीच करून ठेवली आहे. अविद्या, अस्मिता, राग, द्वेष आणि अभिनिवेश. शिक्षकांच्या खोलीत एका सहकाऱ्याला बढती मिळाल्याची वार्ता येते आणि चहाचा कप क्षणभर हातातच थांबतो, तेव्हा मुदितेची गरज लागते. एकाच दाखल्यासाठी तिसऱ्यांदा खेपा घालणारा म्हातारा कचेरीच्या खिडकीशी उभा असतो, तेव्हा करुणेची. वर्गातील हूड मुलगा मुद्दाम डिवचतो, तेव्हा त्याच्या खोडीकडे उपेक्षेने आणि त्याच्याकडे मैत्रीने पाहता आले, तर ती साधनाच झाली. परीक्षेच्या आदल्या रात्री मन पुस्तकावरून शंभर ठिकाणी धावते आणि विद्यार्थी त्याला न रागावता पुन्हा पुन्हा पानावर आणतो, यालाच ग्रंथांनी अभ्यास हे नाव दिले आहे. मराठीत शाळेच्या पाठालाही अभ्यासच म्हणतात, हा योगायोग सुखद आहे. त्याच्या जोडीला वैराग्य हवे, असे गीतेप्रमाणेच योगदर्शनही सांगते. निकालाची धास्ती थोडी सैल सोडणे, हे विद्यार्थ्याला पेलण्यासारखे वैराग्य होय.

यासाठी नवा विषय, नवे पुस्तक किंवा नवे अनुदान यांची वाट पाहण्याची आवश्यकता नाही. योगदिनाच्या कार्यक्रमात आसने झाल्यावर दहा मिनिटे बसून एकेका यमावर मुलांना बोलते करता येईल. वर्षातून एक सहल अष्टविनायकाच्या दर्शनापुरती न ठेवता, लेण्याद्रीच्या विहारातील एखाद्या ओट्याजवळ मुलांना पाच मिनिटे मौन बसविता येईल. आळ्याच्या समाधीपुढे रेड्याची गोष्ट सांगून, आज कोणाच्या पाठीवरचे वळ आपल्याला दिसत नाहीत, असा प्रश्न विचारता येईल. देवराईत नेऊन, हाताशी असूनही आपण काय घेतले नाही, याची नोंद वहीत लिहावयास सांगता येईल. हे करताना कोणाच्याही श्रद्धेला धक्का लागत नाही आणि कोणावर श्रद्धा लादलीही जात नाही. यवन, धान्यविक्रेते, बांबूचे कारागीर, भिक्षू, नाथ, वारकरी आणि डोंगरातील कोळी या साऱ्यांना सामावून घेणारी ही परंपरा एका पंथाची मिरास होऊच शकत नाही.

आसने सोडावीत, असे यातून निघत नाही. निरोगी शरीर ही साधनेची पूर्वतयारी आहे आणि आठ अंगांतील एक अंग पाळणे हे एकही न पाळण्यापेक्षा केव्हाही बरे. परंतु सतरंजी गुंडाळून झाल्यावर माणूस शेजाऱ्याशी कसा बोलतो, खिडकीशी उभ्या असलेल्याकडे कसा पाहतो, आपल्या वाट्यापेक्षा अधिक घेण्याची संधी आली असता त्याचा हात किती आखडतो, यावरूनच त्याच्या योगाची पारख व्हावयाची. येत्या २१ जूनला जुन्नर-आंबेगावच्या शाळांत पुन्हा रांगा लागतील. अहवालात किती विद्यार्थ्यांनी किती आसने केली, याची नोंद होईल. मुलांना घरी सोडण्यापूर्वी एखाद्या शिक्षकाने आसनाआधीच्या त्या दोन पायऱ्यांची नावे फळ्यावर लिहिली आणि आपण स्वतः त्यांपैकी कोणत्या पायरीवर अडलो आहोत हे मुलांपुढे प्रांजळपणे कबूल केले, तर त्याची नोंद कोणत्याही रकान्यात बसणार नाही. त्या दिवशी शाळेत शिकविला गेलेला खरा योगाचा पाठ मात्र तोच असेल.